मदत हवी आहे: कृष्णेच्या वाळूवरची नदी सुरयांची घरटी कशी वाचवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातले, कृष्णाकाठचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या इथं पात्रात वाळूचा पट्टा उघडा पडतो. यंदा त्यावर नदी सुरय (रिव्हर टर्न) या पक्ष्यांनी अंडी घातली आहेत. पिवळीधमक चोच, काळी टोपी, तांबडे पाय, दुभंगलेली शेपटी आणि सूर मारून मासा उचलायची सवय, त्यामुळं ओळखीत शंका नाही. २०२० पासून ही जात धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' आहे.

घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा. त्यात दोन-तीन मातकट, तपकिरी ठिपक्यांची अंडी. दोन पावलांवरूनही नजरेला पडत नाहीत, म्हणून तर पायाखाली जातात. भर दुपारी पक्षी पोट पाण्यात भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतो. कुत्रं किंवा माणूस जवळ गेला की सगळे उठून डोक्यावर ओरडत फिरतात. तेवढ्यात अंडी तापतात, नाहीतर कावळे डाव साधतात.

कुत्री-कावळ्यांपेक्षा मोठी भीती पाण्याची. नदी आटली की कोयनेतून पाणी सोडायची मागणी होते. पाणी हवंच, गावच्या नळाला तेच येतं. पण रातोरात पात्र हातभर चढलं तर पट्टा बुडणार. अंडी उबायलाच तीनेक आठवडे लागतात, पिल्लं उडायला पुढं आणखी.

पाणी टप्प्याटप्प्यानं सोडा, निदान आधी कळवा, ही विनंती नेमकी कुणाकडं करायची? पाटबंधारे, तहसीलदार की वनखातं? अर्ज कन्नडात लागणार. बोलायला येतं, पण सरकारी कन्नड लिहायला जमत नाही. कुणी मसुदा करून देईल का?

दुसरं, बांबू-दोरीचं कुंपण घालावं का? मला वाटतं त्यानं उलट लोकांचं लक्ष जाईल, पण वाळूचे ट्रॅक्टर अडवायला दुसरं सुचतही नाही. भद्रा धरणातल्या बेटांवर सुरयांची मोठी वसाहत असते. तिथं नावा किती लांब थांबवतात, हे जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.

नेमकी जागा इथं लिहीत नाही, फोटोवाल्यांची गर्दी नको. ज्यांना खरंच हातभार लावायचा आहे त्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करा, गावाचं नाव कळवतो. लवकर कळवा, अंडी आत्ता वाळूवर आहेत.