मदत हवी आहे: पॅरालीगलचं काम नेमकं काय असतं आणि कुठे मिळतं?

मीनल_सातारा

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या वहिनीसाठी विचारतेय. ती बी.कॉम. आहे, मुलगी आता शाळेत जायला लागली, आणि तिला कोर्टकामाची मनापासून ओढ आहे. माहेरच्या वाटपाच्या दाव्यात तारखा, नकला, फेरफार हे सगळं तिनंच सांभाळलं होतं.

एका खासगी संस्थेनं तिला पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाच्या कामाचा, कोर्स सुचवलाय. फी भरपूर आहे. ‘कोर्स झाला की छोट्या केसेस स्वतः चालवता येतील’ असं तिथल्या बाई तोंडी म्हणाल्या, माहितीपत्रकात तसं कुठेच नाही. हे खरं आहे का? साताऱ्यात हे काम मिळतं की पुण्या-मुंबईलाच जावं लागतं? की सरळ एलएल.बी. करावं? फी भरायची मुदत महिनाअखेरीस संपतेय, म्हणून ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

कोर्टआवार

मीनलताई, पैसे भरायची घाई करू नका. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा हक्क सनद, म्हणजे बार कौन्सिलकडची नोंदणी, असलेल्या वकिलालाच आहे. एखाद्या प्रकरणात न्यायालय दुसऱ्या कुणाला परवानगी देऊ शकतं, पण तो अपवाद. पॅरालीगलसाठी आपल्याकडे सनद किंवा परवाना असा प्रकारच नाही, मग डिप्लोमा तो हक्क देणार कुठून? त्या बाईंकडून तेच वाक्य लेखी मागा.

काम मात्र चांगलं आहे. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात आहे. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायचा, आपलं मॅटर कुठल्या कोर्टात कितव्या नंबरला आहे ते सरांना कळवायचं. कागदांची यादी करायची, पानांना नंबर घालायचे, वकीलपत्रावर पक्षकाराची सही घ्यायची, ई-फायलिंग करायचं, समन्स बजावलं गेलं का ते बेलिफाकडे विचारायचं, नकलेचा अर्ज द्यायचा. जमिनीचं प्रकरण असेल तर सातबारा, फेरफार, दुय्यम निबंधकांकडे इंडेक्स २ चा, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या सूचीचा, सर्च. सगळ्यात मोलाचं काम म्हणजे रोजनामा, प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, नीट वाचणं. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, म्हणणं (लेखी उत्तर) द्यायची तारीख नजरेतून सुटली, तर तो अर्ज आपल्या म्हणण्याशिवायच चालू शकतो. तुमच्या वहिनींना ही सवय आधीच लागलेली दिसते.

साताऱ्यात जिल्हा न्यायालय आहे, म्हणजे वकिलांची ऑफिसं आहेत. बँकांसाठी टायटल सर्च (मालमत्तेच्या मालकीचे कागद तपासणं) करणारे वकीलही सगळीकडे असतात. सुरुवात तिथे होते, पगार बेताचा. मुंबईत फोर्ट, नरिमन पॉइंटच्या लॉ फर्म किंवा कंपन्यांचे लीगल विभाग जास्त देतात, पण तिथे करार इंग्रजीत वाचावे लागतात.

विधीसेविका

एक वेगळी वाट सांगते. मी तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, पॅरालीगल व्हॉलंटियर आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना २००९ पासून आहे. निवड झाली की प्रशिक्षण तेच देतात, त्याला फी नाही. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, निवृत्त माणसं, कायद्याचे विद्यार्थी, असे सगळे यात असतात. तुरुंगात दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या शिकलेल्या कैद्यांनाही निवडता येतं.

आम्ही गावात, कोर्टातल्या मदत कक्षात, तुरुंगात, पोलीस ठाण्यात बसतो. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई येते. तिला वकील मोफत मिळू शकतो हेच ठाऊक नसतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. तिचा अर्ज लिहून देणं, तिच्यासोबत कार्यालयापर्यंत जाणं, हे माझं काम. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुष्कळ जणी त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत.

पण ही नोकरी नाही. काम दिलं त्या दिवसाचं मानधन मिळतं, त्यावर घर चालणार नाही.

ब्रॅम्प्टनकर

कॅनडातल्या ऑन्टारियोत २००७ पासून पॅरालीगलना लॉ सोसायटी परवाना देते. ते स्मॉल क्लेम्स कोर्टात आणि घरमालक-भाडेकरूंच्या न्यायाधिकरणात बाजू मांडतात. कोर्स विकणारे बहुधा हेच उदाहरण दाखवत असतील. ते इथलं आहे, भारताला लागू नाही.

मीनल_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. फी भरत नाही, असं वहिनीनं आत्ताच ठरवलं. विधीसेविकाताई, अर्ज कुठे करायचा? आणि पुढे एलएल.बी. केलं तर हे काम सोडावं लागेल का?

विधीसेविका

जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे सचिवांच्या नावे अर्ज देतात. भरतीची सूचना सध्या निघाली आहे का ते तिथेच विचारा. १५१०० या हेल्पलाइनवरही मदत मिळते. एलएल.बी. शिकताना काम चालू ठेवता येतं, सनद घेतली की व्हॉलंटियर म्हणून थांबावं लागतं. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी असते. बी.कॉम. असल्यानं वहिनी ती परीक्षा देऊ शकतील, गुणांची अट तेवढी बघून घ्या.

कोर्टआवार

आणि तोवर एखाद्या दिवाणी वकिलांकडे अर्धा दिवस बसता आलं तर बघा. जाताना वाटपाच्या दाव्याची ती फाइल सोबत न्यायला सांगा. कागद कसे लावलेत ते बघूनच वकिलांना कळेल.