‘पिटन्स’ हा शब्द तुम्हाला कुठल्या रकमेनं शिकवला?

सोलापुरात वाढलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. इंग्रजीत पिटन्स म्हणून एक शब्द आहे. अगदीच थोडी, कशालाच न पुरणारी रक्कम. वाचला असेल तो पुस्तकातच, पण खरा कळला तो हातात आलेल्या कुठल्या तरी पैशांमुळे, असं मला वाटतं. ते पैसे कसले होते, किती होते, खाली आपापल्या टोपणनावानं लिहा. आकडा सांगायला लाजू नका.

आधी माझं सांगते.

आमचं घर पूर्व भागातलं, घरात तेलुगू. अम्मा विड्या वळायची. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा मिळायचा. रात्री पानं भिजत घालायची, पहाटे पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायची ते दुपारपर्यंत. पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधणं आम्हा बहिणींचं काम. दिलेली पानं हजार विड्यांना कधीच पुरली नाहीत. फाटकी, भोकं पडलेली निघायची, मग कमी पडतील तेवढी स्वतःच्या पैशानं बाजारातून आणायची. शिवाय माल देताना छाट निघायची. छाट म्हणजे तपासणीत बाजूला काढलेल्या विड्या. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या परतही मिळत नसत.

1998 साली मी आठवीत होते. एका शनिवारी अम्मानं आठवड्याची कूली माझ्याकडे मोजायला दिली. 187 रुपये. त्याच आठवड्यात इंग्रजीच्या बाईंनी वर्गात हा शब्द सांगितला होता. ऐकताना मला पिट्ट आठवलं. तेलुगूत पिट्ट म्हणजे पक्षी. पाखरापुढं टाकतात तेवढं, असा अर्थ मी मनाशी लावला होता आणि ते पैसे मोजताना तो पक्का बसला.

पुढे एम.ए. करताना शब्दाचं मूळ पाहिलं. लॅटिन ‘पिएतास’ म्हणजे भक्ती, धर्मभाव, तिथून तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मध्ययुगात ख्रिस्ती मठातल्या साधूंच्या नेहमीच्या जेवणात काही जास्तीचं पडावं म्हणून भाविक दान द्यायचे, ते पिटन्स. दयेसाठीचा ‘पिटी’ त्याच कुळातला. हे वाचून मला राग आला, अजून येतो. अम्माला कुणी दान दिलं नव्हतं. तिनं विड्या मोजून दिल्या होत्या.

कांदापट्टी

फेब्रुवारी 2023. आमचं गाव मोहोळ तालुक्यात. वडिलांनी 17 पिशव्या, 850 किलो कांदा सोलापूरला नेला. भाव निघाला किलोला दीड रुपया. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, 1,275 रुपये. मोटारभाडं पिशवीला 60 प्रमाणे 1,020, हमाली 119, तोलाई 52. खाली राहिले 84 रुपये. रोपं, खत, औषधं, काढणीला आलेल्या बायकांची मजुरी या कशाचाच हिशोब त्या कागदावर नसतो.

त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांद्याचे सगळं वजा जाता दोन रुपये एकोणपन्नास पैसे राहिले आणि दोन रुपयांचा चेक मिळाला. देशभर बातमी झाली. भावानं ती फोनवर इंग्रजीतून वाचली, त्यात हा शब्द होता. वडिलांनी विचारलं, म्हणजे काय रे? मी म्हटलं, तुटपुंजी रक्कम. त्यावर ते म्हणाले, “तुटपुंजी म्हणजे थोडी का होईना, पुंजी हाय म्हणायची. आपली तर पदरची गेली.”

मी नंतर त्या शब्दावर विचार करत बसलो. तूट आणि पुंजी, दोन्ही त्यात आहेत. आमच्याकडं त्या वर्षी पहिलंच राहिलं.

भोंगा

वडील कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मिल बंद पडली. पुढं पेन्शन सुरू झाली ती 640 रुपये. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 झाली तेव्हा तेवढी मिळायला लागली. पेन्शनरांचं एक निवेदन मी इंग्रजीत टाइप करून दिलं, वकिलांच्या मसुद्यात पिटन्स होता. वडिलांनी अर्थ विचारून घेतला आणि त्याच्यापुढं एक वाक्य वाढवायला लावलं: मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम या पेन्शनच्या खात्यात जात होती, ही आमच्याच कामाची रक्कम आहे. ताई, तुमच्या अम्माचं जे म्हणणं, तेच त्यांचं.

तासिकावाली

मी तासिका तत्त्वावर शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. जूनपासून घेतलेल्या तासांचे पैसे पुढच्या एप्रिलमध्ये एकदम आले. तोवर घरभाडं भावाकडून. रक्कम सांगितली तर एखाद्याला बरी वाटेल, पण दहा महिन्यांनी भागून बघा.

गड्ड्याची गर्दी

एक वेगळं. आजोबा हातमागावर चादरी विणायचे. दर जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, आम्हा पाच नातवंडांना प्रत्येकी दोन रुपये द्यायचे, आधीपासून साठवून. त्या दोन रुपयांना मी हा शब्द लावणार नाही, कुणी लावू पण नये.

धागा सुरू करणारी

गड्डावाल्यांचं एकदम मान्य. आणि तासिकावाली, तुम्हाला फोन करायला आवडेल, मीही चार वर्षं तेच केलंय.

आज संध्याकाळी सगळे अनुभव अम्माला तेलुगूत सांगत वाचून दाखवले. कांद्यापाशी तिनं मला थांबवलं. पिशवीला साठ, सतरा पिशव्या, असं बोटांवर धरत गुणाकार केला, हमाली-तोलाई वजा केली. “बरोबर आहे,” म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पण त्यांच्यात छाट किती काढतात, ते विचार.”