ट्रॉलीच्या चॅनेलला त्याच जागी पुन्हा पुन्हा तडा

ऊसवाला:
उसाची ट्रॉली आहे. मडगार्डसाठी मेन चॅनेलच्या (C आकाराच्या लोखंडी तुळईच्या) खालच्या फ्लँजला, म्हणजे आडव्या पट्टीसारख्या भागाला, एक पट्टी वेल्ड करून घेतली होती. हंगामात नेमका तिथेच चॅनेलला तडा गेला. वेल्डरने वरून जाड वेल्डिंग मारलं, तर महिनाभरात त्याच्या शेजारीच नवा तडा. आता भारीतला रॉड वापरू का?

गॅरेजवाला:
रॉड ओला असणार भाऊ. ७०१८ (कमी हायड्रोजनचा रॉड) घ्या, ओव्हनमध्ये तापवून मारा.

जुना इन्स्पेक्टर:
७०१८ चांगलाच, पण दुखणं वेगळं आहे. ओल्या रॉडमधल्या हायड्रोजनचा तडा वेल्ड थंड झाल्यावर बहुधा एक-दोन दिवसांत दिसतो, तोही जाड किंवा जास्त कार्बनच्या पोलादात. तुमचा महिनाभर ट्रॉली पळाल्यावर आला, म्हणजे फटीग, पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकणं.

भरलेली ट्रॉली प्रत्येक खड्ड्याला वाकते आणि खालचा फ्लँज ताणला जातो. वेल्ड संपून मूळ धातू सुरू होतो त्या कडेवर ताण एकवटतो, बारीक अंडरकटही (वेल्डच्या कडेला वितळून पडलेली खाच) तिथेच असतो. शिवाय वेल्ड आकसताना धातू आधीच ओढून धरतो. तडा तिथे धरतो, आधी मुंगीच्या पावलांनी चालतो, लांबला की सुसाट. वेल्डच्या जोडात ताण दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठवा हिस्सा उरतं. रॉड कितीही भारी असो, यात फरक पडत नाही.

१९८० साली उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला, १२३ माणसं गेली. त्याच्या एका ब्रेसला (पायांना जोडणाऱ्या नळीला) हायड्रोफोनचा, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, आधार जोडला होता, फक्त ६ मिमीच्या फिलेट वेल्डने, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या वेल्डने. त्या आधारावर भार म्हणावा असा नव्हताच. तरी तडा तिथूनच निघाला आणि ब्रेस तुटली.

म्हणून आधी पट्टी काढा. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून तड्याचं खरं टोक शोधा, तिथे भोक पाडा. तडा ग्राइंडरने मुळापर्यंत खोदून आरपार भरा आणि वेल्ड फ्लँजला सपाट घासा. घासल्याच्या रेघा चॅनेलच्या लांबीच्या दिशेनेच हव्यात.

ऊसवाला:
काका, मग मडगार्ड लावू कुठे? आणि वरून प्लेट मारली तर?

जुना इन्स्पेक्टर:
मडगार्ड वेबच्या, म्हणजे चॅनेलच्या उभ्या भागाच्या, मध्यावर, बोल्टने. वाकण्याचा ताण तिथे जवळपास शून्य असतो, भोकाची धास्ती नको. प्लेट नकोच, तिच्या टोकाला फ्लँजवर आडवा वेल्ड आला की पुन्हा हेच रडगाणं. दुसऱ्या बाजूलाही तशीच पट्टी असेल ना? रंग खरवडून तिथेही डाय मारून बघा.