मदत हवी आहे: अंतराळातल्या मुगाचा प्रयोग सातवीच्या वर्गात जमत नाहीये

नमस्कार मंडळी, मी देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये स्पेस स्टेशनवर गेले आणि तिथे त्यांनी मूग-मेथीला मोड आणले, हे सांगितल्यापासून पोरं मागेच लागलीयेत. घरोघरी उसळीला मोड काढतात ना, त्यामुळे हा प्रयोग त्यांना आपलाच वाटला.

आधी बाटलीचा प्रयोग केला. बाटलीला तळाशी भोक पाडलं, पाण्याची धार सुरू असताना चिऱ्याच्या कठड्यावरून ती सोडून दिली आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. पडताना धार बंद! एक मुलगा ओरडलाच, "बाई, पाणी थांबला!" स्टेशन असतं त्या ४०० किमी उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या साधारण ९० टक्के असतंच, स्टेशन फक्त सतत पडत असतं, ताशी २८,००० किमी वेगामुळे पृथ्वीला चुकवत राहतं, हे त्या बाटलीमुळे पटलं. लगेच पुढचा प्रश्न: "मगे थंय मुगाक वर-खाल कसा कळतला?"

मूग सतत फिरत ठेवला तर त्याला वर-खाली कळणार नाही, हे दाखवायला भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या सेकंद काट्याच्या जागी प्लास्टिकचं झाकण चिकटवलं, मिनिटाला एक फेरी. आत ओला कापूस आणि ८ मूग. टांगलं की वजनाने घड्याळ बंद पडायचं म्हणून टेबलावर आडवं ठेवलं. तिसऱ्या दिवशी बघतो तर सगळी मुळं सरळ खाली कापसात घुसलेली, न फिरवलेल्या झाकणातल्यासारखीच, वर पावसाळी हवेने बुरशी. पोरं खूप हिरमुसली. काय चुकतंय?

प्रतिसाद १
ताई, घड्याळ आडवं ठेवलंत तिथेच चुकलं. मग झाकण कितीही फिरलं तरी मुगाला "खाली" एकाच बाजूला. मुळाच्या टोकाशी स्टार्चचे जड कण असतात, ते तळाला बसतात त्यावरून मुळाला दिशा कळते. घड्याळ भिंतीवर टांगलं तरच दर मिनिटाला खालची बाजू फिरत राहते आणि कण एका जागी बसत नाहीत. कापूस काढा, टिश्यूपेपर नुसता दमट ठेवा, मूग दोनच, आणि समोरच्या बाजूला जाळ्याच्या शिशाची बारकी गोळी लावून तोल साधा. बुरशीसाठी मूग उकळून गार केलेल्या पाण्यात धुवा. वर काळं कापड टाका, नाहीतर कोंब उजेडाकडे वळेल. शेजारी तसंच एक झाकण न फिरवता टांगा, तुलना त्याच्याशीच करायची. आणि मुलांना हेही सांगा की यात गुरुत्वाकर्षण जात नाही, त्याची दिशा तेवढी सारखी बदलते.

प्रतिसाद २
घड्याळ नाहीच पेललं तर गणपतीच्या मखरामागच्या चक्राची मोटर बघा. फेऱ्या जास्त होतील, पण ताकद असते. लाईट गेली की मात्र थांबणार.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचेही! आडवं-उभं हे लक्षातच आलं नव्हतं. शिशाच्या गोळ्या तर निम्म्या वर्गाच्या घरी आहेत, उद्याच मागवते. आज रात्री मूग भिजत घालतेय, सोमवारी फोटो टाकते.