फ्लाय बांधायला चांगली केप आणि पिसं कोकणात कुठे मिळतील?

खाडीवरचा गळ (देवगड)
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली खाडीत फ्लायवर, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली आमिषावर, जिताडा आणि तांबोशी या माशांच्या मागे आहे, विकतच्या फ्लाय परवडत नाहीत म्हणून गणपतीनंतर स्वतः बांधायला घेतल्या. व्हाइस (बांधताना गळ धरून ठेवणारा चिमटा), थ्रेड, गळ सगळं जमलं पण पिसांवर गाडी अडलीय. ऑनलाइन एकाकडून दोऱ्यात ओवलेली कोंबड्याची पिसं मागवली, त्यातली निम्मी टोकं तुटलेली, आणि डिसीव्हरच्या (लांब पिसांच्या शेपटीची फ्लाय) शेपटीला डावी-उजवी जोडी लागते ती काही केल्या जुळेना. मग दुसऱ्याकडून मानेची अख्खी केप, म्हणजे पिसांसकट सुकवलेली कातडी, घेतली तर आठवड्याभरात पिशवीत भुसा जमायला लागला, उलटून बघतो तर कातडीला केसाळ अळ्या. शेजारी ठेवलेलं बाकीचं सामान पण टाकावं लागलं, फार जिवाला लागलं हो. अमेरिकेतल्या फार्मची केप माझ्या आवाक्यात नाही. इथे चांगला माल कसा मिळवता तुम्ही? गावातला एकजण रानकोंबड्याची मान आणून देतो म्हणतोय, घेऊ का?

काजूबाग
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, अजिबात घेऊ नकोस. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली रानकोंबडा संरक्षित आहे, मारणं तर गुन्हा आहेच पण त्याची कातडी नुसती घरात ठेवणं पण गुन्हाच. आणि कायदा बाजूला ठेव, तू हो म्हटलंस की तो माणूस उद्या फासकी लावणार, एका मानेसाठी एक पक्षी गेला. आमच्या बागेच्या वरच्या अंगाला पहाटे रानकोंबडा आरवतो, त्याच्या मानेवरचे ते मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके उन्हात चमकताना मी बघितलेत, ते तिथेच राहू देत. याच ठिपक्यांसाठी विलायतेतले सॅमन फ्लाय बांधणारे वेडे होते, शेवटी 1902 मध्ये ब्रिटिश सरकारनेच इथून रानपक्ष्यांची कातडी-पिसं बाहेर पाठवायला बंदी घातली. आता तिकडे हे कोंबडे पाळून पिसं काढतात. हा नाद किती टोकाला जातो बघ, 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियममधून पक्ष्यांच्या 299 कातड्या चोरीला गेल्या, चोर फ्लाय बांधणाराच निघाला. तुला फ्लायवर तसा ठिपक्याचा डोळाच पाहिजे असेल तर गिनी फाउलच्या काळ्या पिसावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दे, वर पिवळट वॉर्निशचा हात मार, जिताड्याला तेवढं पुरतं. मोराचं म्हणशील तर बागेत आपोआप गळालेलं पीस उचललं तर चालतं, देशाबाहेर मात्र पाठवता येत नाही.

ओहोटी
दादा, चांगला माल तुमच्या वाडीतच फिरतोय. ब्रॉयलरच्या नादी लागू नका, तो दीड महिन्यात कापतात, मानेवर लांब पीस आलेलंच नसतं. वर्षभराचा तरी गावठी कोंबडा बघा, डिसीव्हरला 4-5 इंचाचं पीस मिळतं. ड्राय फ्लायला (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) लागणारं कडक बारीक हॅकल, म्हणजे मानेचं पीस, मात्र त्याच्यात नाही, ते खास पैदास केलेल्या कोंबड्यांचंच असतं, पण खाडीच्या फ्लायला हे मऊ रुंद पीसच पाण्यात छान हलतं. काळं पाहिजे तर कडकनाथ, त्याच्या पिसाला हिरवट झाक असते. सगळा घोळ होतो तो गरम पाण्यात. दुकानदार कोंबडा कापला की लगेच उकळत्या पाण्यात बुडवतो आणि आपली केप संपते, म्हणून आधीच सांगून ठेवायचं, मान कोरडी सोला, वर थोडे पैसे घ्या. चीर गळ्याच्या बाजूने द्यायला सांगा, पाठीकडून दिली की बरोब्बर मधली चांगली पिसं जातात. कोंबडा पिसं झडायच्या दिवसातला नको, नव्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं, सुकल्यावर ते पीस वाकडं होतं. आजारी किंवा मेलेल्या कोंबडीला तर हातच लावू नका.
घरी आणली की चमच्याच्या कडेने सगळी चरबी खरवडायची, पिवळा कण पण ठेवायचा नाही, किडा तिथेच लागतो. मग भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात दोनदा धुवायची, जुन्या टॉवेलात दाबायची आणि पिसं खाली, कातडी वर करून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून सावलीत ठेवायची. मी पहिल्यांदा उन्हात ठेवली होती, तांबडा रंग विटून गेला.

खाडीवरचा गळ (देवगड)
ओहोटीताई, कातडीला मीठ चोळलं तर चालेल ना? आणि काजूबागदादा, त्या माणसाला आत्ताच फोन करून नाही सांगितलं.

ओहोटी
मीठ आपल्या हवेत नको, दमटपणाने त्याला पाणी सुटतं आणि कातडी ओलीच राहते. टाकणखार आणा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, खडे असतील तर बारीक कुटून घ्या, तोंडाला रुमाल बांधा आणि पोरांपासून लांब ठेवा. पहिला थर दुसऱ्या दिवशी झटकून नवीन लावायचा. आठ-दहा दिवसांत कातडी पापडासारखी कडक झाली की झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर, मग दोन दिवस बाहेर, परत आठवडाभर आत. दुसऱ्यांदा अशासाठी की पहिल्या खेपेत वाचलेली अंडी मध्ये फुटतात. हे काम दिवाळी ते होळीच्या मधे करा, पावसात केलेल्या माझ्या दोन्ही केपना बुरशी आली होती. विकतची आली तरी आधी फ्रीझर, मगच डब्यात.

आचऱ्याचो
राखणदाराक देतत त्या राखणीच्या कोंब्याची पिसां आमच्या घरात दरवर्षी फुकट जातत. तू हयसर येतलंस तर आधी सांग, घरातल्या मोठ्यांका विचारून मान कोरडी काढून ठेवतंय. पैसे नको, एक फ्लाय बांधून दी.

खाडीवरचा गळ (देवगड)
भाऊ, एक नाही चार बांधतो, तांबडी-पिवळी. पांढरी पिसं असली तर ती पण ठेव, हळदीत रंगवून बघायचीत.