आजोळ ग्रुप : टाहोच्या काठावरचा गोल्फ

दादा (फ्रीमाँट): फोटो टाकलेत वर, बघा. परवा मी आणि कॉलेजचा रूममेट टाहो सरोवराकाठच्या एजवूड टाहो या गोल्फ कोर्सवर खेळून आलो. तो सॅक्रामेंटोला असतो, त्याला घेतलं आणि हायवे ५० ने वर घाट चढून स्टेटलाइनला. कोर्स नेवाडात, सरोवराच्या अगदी काठावर. आजवर खेळलो त्यात सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात विचार करायला लावणारा.

मामी: किती निळं पाणी! उंचीवर डोकं नाही ना दुखलं?

दादा: आदल्या रात्री तिथेच मुक्काम केला मामी, पाणी भरपूर प्यायलो. ऊन मात्र फार लागतं, टोपीशिवाय जाऊच नये.

मामा (पुणे): फोटो उत्तम. आता कामाचं सांग. सहा हजार फुटांवर बॉल कसा जात होता?

दादा: सरोवराची पातळीच ६,२०० फुटांच्या वर आहे, मामा. बॉल लांब जातो हे ऐकून होतो, पण त्याची चालच बदलते. हवा विरळ, म्हणून अडवणूक कमी. त्याच कारणाने बॉलला वर उचलणारा जोरही कमी. शॉट बसका जातो, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चपट्या कोनात उतरतो आणि पुढे पळतो. म्हणजे नुसतं अंतर वजा करून भागत नाही, बॉल टाकायची जागाही अलीकडे घ्यावी लागते. दीडशे यार्डाला इथे सात नंबरचा क्लब काढतो, तिथे कमी अंतराचा आठ काढला, आणि तोही ग्रीनच्या तोंडाशी उतरेल असा.

मामा: अगदी बरोबर. वेलिंग्टनला पोस्टिंग होतं तेव्हा हेच शिकलो. निलगिरीत उंची जवळपास तेवढीच. मी सरळ दहा टक्के कापायचो. मैदानातून आलेले नवे अधिकारी पहिले काही दिवस ग्रीनच्या मागच्या झाडीत बॉल शोधत असायचे. आणि हो, त्याच हवेमुळे स्लाइसही (उजवीकडे वळत जाणारा शॉट) कमी वळतो.

दादा: हो, वळण कमी झालेलं दोघांनाही जाणवलं. पण दहा टक्के सकाळी जास्त होतात. पहाटेच्या गारव्यात बॉल जड जातो. आम्ही आधी सात टक्के धरले, ऊन चढल्यावर वाढवत नेले.

मावसभाऊ (सॅन होजे): दादा, मी ऑगस्टमध्ये जायचं म्हणतोय, ऑफिसमधल्या मित्राबरोबर. माझा हँडिकॅप २२ आहे, म्हणजे अजून कच्चाच. झेपेल का? की सगळे बॉल सरोवरात?

दादा: झेपेल. फक्त मागच्या टीवरून (पहिला शॉट मारायच्या सगळ्यात लांबच्या जागेवरून) खेळू नकोस. तिथून कोर्स सुमारे ७,५०० यार्डांचा आहे, उंचीचा फायदा धरला तरी तो तुझ्या-माझ्यासाठी नाही. पुढच्या टीवरून खेळ, यात कमीपणा काही नाही. उलट तिथून खेळलास तर कोर्सचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज फॅझिओने आखलेले बंकर (वाळूचे खड्डे) आणि ओढे जिथे हवेत तिथे, तुझ्या शॉटच्या टप्प्यात येतात. आणि पाणी पहिल्या होलपासून शेजारी नसतं. बराचसा कोर्स उंच पाइन झाडांमधून जातो, मध्ये मध्ये तळी आणि ओढा. टाहो खरा भेटतो तो शेवटच्या तीन होल्सना.

मावसभाऊ: त्या तिघांचं नीट सांग ना.

दादा: सोळावा पार पाच (म्हणजे पाच फटक्यांत संपवायचा), थेट सरोवराकडे तोंड करून. समोर एवढं पाणी आणि पलीकडे डोंगर दिसले की अंतराचा अंदाज चुकतो, सगळं जवळ वाटतं. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, यार्डेज बघ. सतरावा पार तीन, किनाऱ्याच्या वाळूला लागून. तिथे वारा सगळं ठरवतो. टाहोला दुपारी नैर्ऋत्येचा वारा उठतो, सकाळी पाणी आरशासारखं असतं. म्हणून सकाळची वेळच घे. आमच्या पुढच्या गटाला वारा लागला नाही, आम्हाला सतराव्यावर लागला.

मामा: आणि पेनल्टी एरियाच्या (पाण्यासारख्या अडचणीच्या भागाच्या) खुंट्यांचा रंग आधी बघून ठेवायचा. लाल असतील तर बॉल जिथून आत गेला तिथून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, एक पेनल्टी घेऊन ड्रॉप मिळतो, म्हणजे बॉल हाताने खाली सोडून पुढे खेळता येतं. पिवळ्या असतील तर बाजूला ड्रॉप नाही, मागे जावं लागतं. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, २०१९ पासून तसा नियम आहे. खांद्यावरून टाकणारे अजून भेटतात मला येरवड्याला.

ताई (ठाणे): माझ्या लेकाचा प्रश्न: बास्केटबॉलवाला स्टेफ करी जिंकला तो कोर्स हाच का?

दादा: हाच! अमेरिकन सेंच्युरी चॅम्पियनशिप, दर जुलैत होते, नामवंत खेळाडू-कलाकारांची. २०२३ ला करीने शनिवारी सातव्याला होल-इन-वन (एकाच फटक्यात बॉल होलमध्ये) केला आणि रविवारी अठराव्यावर ईगलचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) होलमध्ये घालून जिंकला. त्या स्पर्धेत स्ट्रोक मोजत नाहीत, गुण असतात. पार १, बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) ३, ईगल (दोन कमी) ६, बोगी (एक जास्त) शून्य, डबल बोगी किंवा त्याहून वाईट उणे २. आम्हीही तसेच गुण मांडले. त्यामुळेच अठराव्यावर आमचा वाद झाला.

ताई: कसला वाद?

दादा: अठरावा पुन्हा पार पाच, ग्रीनला लागूनच तळं. दुसऱ्या शॉटला ग्रीन गाठायला जायचं की तळ्याच्या अलीकडे बॉल ठेवायचा? मित्राचं म्हणणं, ईगलला ६ मिळतात, बुडालो तर २ च जातात, हिशेब मारण्याच्याच बाजूचा. माझं म्हणणं, हा हिशेब करीसाठी खरा आहे. आपल्यासारख्याने एवढ्या लांबून वुड (लांब पल्ल्याचा क्लब) मारला तर ग्रीनवर थांबणार कितीदा? त्या हवेत तर बॉल अजूनच पळतो. शंभर यार्डांवर ठेवला तर पार हातात, बर्डीची आशाही राहते. तो मारायला गेला, मी अलीकडे ठेवला. त्याचा बॉल तळ्यावरून गेला, ग्रीनही ओलांडून गेला. दोघांनाही पार! आता सॅक्रामेंटोपर्यंत वाद संपेल कसा?

मावशी (नाशिक): खेळाचं मला कळत नाही, पण एक मनापासून विचारते. एवढ्या स्वच्छ सरोवराच्या काठी एवढं गवत, त्याला खत, औषधं. ते सगळं पाण्यातच उतरत असणार ना?

दादा: मावशी, हा प्रश्न तिथेही विचारतात आणि विचारायलाच हवा. टाहो १,६४५ फूट खोल आहे आणि त्याचं पाणी किती नितळ आहे हे डेव्हिसच्या विद्यापीठाचे संशोधक १९६८ पासून मोजतात. पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत फूट मोजायचे. सुरुवातीला शंभर फुटांच्या वर दिसायची, अलीकडे साठ-सत्तर फूट. गंमत बघ, एजवूडचा कोर्सही १९६८ चाच. पण मोठं कारण म्हणजे रस्त्यांवरून, वस्तीतून वाहून येणारा अतिबारीक गाळ. कोर्सवरची तळी ओढ्याचं पाणी थोपवतात, गाळ खाली बसतो आणि मग पाणी सरोवरात जातं. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन्ही राज्यांची मिळून टीआरपीए नावाची संस्था आहे, तिचे खतांबाबत नियम कडक आहेत.

मावशी: गाळाचं पटलं. पण खतातला नत्र आणि स्फुरद तळ्यात नुसता बसत नाही, विरघळून पुढे जातो आणि शेवाळ वाढवतो. म्हणजे नियम असून भागत नाही, दरवर्षी पाणी तपासायला हवं.

दादा: हे मान्य. तपासणी सुटता कामा नये. तो काठ बिघडला तर खेळायला जाऊन तरी काय उपयोग.

मामा: ती म्हणते ते महत्त्वाचं आहे. आता सांग, आम्ही फेब्रुवारीत येणार होतो, तेव्हा कोर्स चालू असतो?

दादा: नाही मामा, तेव्हा बर्फ. साधारण मे ते ऑक्टोबर. जूनमध्ये या, तिघं जाऊ, मित्रालाही घेऊ.

मामा: जून ठरला. अठराव्यावर मी अलीकडेच ठेवणार, त्याला आत्ताच सांगून ठेव.

मावसभाऊ: तिघं नाही, चौघं. मलाही जूनमध्येच धरा. आणि मी मारायला जाणार.