अद्भुत कादंबरीत तुम्हाला कोण भेटायला हवं?

खारपाणातली वाचक (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. गावातलं छोटं वाचनालय मी सांभाळते. सातवी-आठवीतले पोट्टे अद्भुत कादंबऱ्यांवर अक्षरशः तुटून पडतात. त्यांच्यासाठी मी स्वतःच एक लिहायला घेतली आहे, म्हणून विचारते: अशा गोष्टीत तुम्हाला कोणते जीव हवेत, आणि गोष्ट कशाबद्दल असावी?

माझं मागणं आधी सांगते. मला असा राक्षस हवा, ज्याला मारून गोष्ट संपत नाही.

लोणारचा लवणासुर घ्या. तो जमिनीखालच्या विवरात राहायचा. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेतलं. आता यापुढचं ऐका. सरोवराचं पाणी म्हणजे त्या राक्षसाचं रक्त आणि त्यातला खार म्हणजे त्याचं कुजलेलं मांस, असं जुनी आख्यायिका सांगते. देव जिंकला आणि निघून गेला, खारं पाणी मात्र लोकांच्या वाट्याला राहिलं. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं हे शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि मी ते पोट्ट्यांना समजावूनही सांगितलं. तरी एका पोरीनं विचारलंच, "मॅडम, तो अजून मेला नाही का?"

आमचा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते पिता येत नाही आणि ओलिताला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. तूर, कपाशी, हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. लोणार उल्केच्या आघातानं झालं, आमच्या पाण्यातला खार वेगळा. भूशास्त्रात दोघांचा संबंध नाही. गोष्टीत मात्र मला तो जोडायचा आहे. राक्षसाचं रक्त जमिनीखालून कुठवर झिरपलं, आणि खाऱ्या विहिरीच्या गावातली एक पोट्टी त्याच्याशी बोलणी करायला कशी निघते, ही माझी कादंबरी. तिच्या हातात तलवार नको. बोलणीच हवी.

तुमचे जीव सांगा.

धारणीचा पायदळ

ताई, मी जंगलातच कामाला आहे. माझं मागणं आहे रानपिंगळा. त्याला काल्पनिक करायची गरजही नाही.

१८८४ नंतर हे छोटं घुबड खात्रीनं कुणालाच सापडलं नव्हतं. मधे १९१४ ची एक नोंद होती, रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. ती खोटी निघाली. त्यानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती, आणि ठिकाणही खोटं लिहिलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला. पुढे आमच्या मेळघाटातही सापडला. ११३ वर्षं जगासाठी तो नव्हताच, आणि इथे सागाच्या फांदीवर भरदिवसा बसत होता.

मला खलनायक हवा तो असा. पाखराला मारणारा पुष्कळ गोष्टींत असतो. हा त्याचा पत्ता खोटा लिहितो, म्हणजे शोधणारे पिढ्यान्‌पिढ्या भलत्याच रानात फिरत राहतात. याहून मोठं चेटूक मला तरी माहीत नाही.

ताडोब्याच्या अलीकडे

चंद्रपूर जिल्ह्यातून. मला हरलेला देव हवा.

आमच्याकडे सांगतात, तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि त्याचा देव झाला. ताडोबा तलावाच्या काठी, मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात आदिवासी तिथं पूजेला जातात. नीट पाहा, पूजा जिंकणाऱ्याची नाही. आणि वाघाचा सूडही कुणी घेतला नाही, उलट वाघोबालाही शेंदूर लागतोच. आमच्या भागात माणूस-वाघ संघर्ष वर्तमानपत्रात रोज आहे. मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परत येत नाहीत. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरालाही वाघाच्या शेजारीच राहायचं असतं. हे कसं राहतात, यावर अद्भुत कथा कुणी लिहिली तर मी रात्रभर जागून वाचेन. शेवटी वाघ मारून टाळ्या घेणारी गोष्ट नको.

मामा तलावाच्या पाळीवरून (भंडारा जिल्हा)

ताई, तुमची बोलणी करणारी पोरगी फार आवडली. मी दोन गोष्टी मागतो.

पहिली, मारबत. पोळ्याला दारापुढं पळसाच्या फांद्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं त्या गावाबाहेर नेऊन टाकतात. ओरडत जातात, "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" नागपुरात तर काळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक १८८१ पासून आणि पिवळीची १८८५ पासून निघते. लहानपणापासून मला एकच पडलेलं आहे: ती हे सगळं नेते कुठं? गावोगावचा खोकला, ताप, भांडणं, कर्ज, सगळं तिच्या डोक्यावर. शिवेबाहेर गेली म्हणजे पुढच्या गावाची शीव लागलीच की. तिथले लोकही तिला हाकलतात. मग ती थांबते कुठं? तिला कुणी पाणी विचारतं का? तिचा राग कुणावर असेल? भयंकर दिसणारी, सगळ्यांचं दुखणं वाहणारी, आणि जिला वर्षातून एकदाच हाक मारतात तीही हाकलायलाच. अशी बाई मला पानोपानी हवी.

दुसरी, पाणीवाटप. आमचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, त्यांतले पुष्कळ कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. कुणाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, आधी पाणी, यावर भावाभावांत तंटे होतात. सिंहासनासाठीच्या लढाया खूप झाल्या. तलावाचं तोंड उघडण्यावरून पेटणारी लढाई लिहा, आणि तलावात कुणी जुनं राहत असेल तर त्याचाही वाटा धरा. सारसही घ्या. राज्यात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे, भाताच्या बांधीत घरटं करतो. माणसापेक्षा थोडाच बुटका पक्षी, जोडीदार सोडत नाही. त्याच्यासाठी पंख लावून नवं काही जोडायला नको.

खारपाणातली वाचक

भाऊ, मारबत मी घेते. मनापासून घेते. माझी पोट्टी लोणारला जाताना वाटेत तिला भेटेल, आणि पाणी विचारणारी पहिली तीच असेल. पण आमच्या विहिरीचं पाणी खारं. ते पाजायचं का, हा तिच्यापुढचा प्रश्न. दोन दिवस अडलेलं प्रकरण तुमच्यामुळं सुटलं.

गडचिरोलीची शिक्षिका

मी फक्त नको ते सांगते. चेटकीण नको.

गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी, तिच्या नजरेनं पोर आजारी पडतं, हे पुस्तकात वाचायला गंमत वाटते. इथं करणीच्या संशयावरून बायांना झाडाला बांधून मारलं जातं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झाला, तरी संशय मनातून गेलेला नाही. माझ्या वर्गातली मुलं तीच पुस्तकं वाचतात आणि घरी त्याच कुजबुजी ऐकतात. म्हणून मारबतीला सुद्धा जपून लिहा. ती सगळ्यांची आहे, एखाद्या घरच्या बाईसारखी दिसू देऊ नका. चकवा घ्या हवा तर. वाट चुकवतो, फिरून फिरून त्याच बोरीपाशी आणतो, पण त्याचा ठपका कुण्या शेजारणीवर येत नाही.

खारपाणातली वाचक

बाई, बरं झालं बोललात. दुसऱ्या प्रकरणात मी एक म्हातारी घातली होती, विहिरीवर नजर ठेवणारी. तिला काढत नाही, पण विहिरीचं खरं मोजमाप फक्त तिला ठाऊक आहे, असं करते. गावाला शेवटी तिच्याकडेच यावं लागेल.

धारणीचे दादा, एक विचारायचं राहिलं. रानपिंगळा वाट दाखवायला येतो असं लिहायचं आहे. दुपारी तो बसलेला दाखवला तर चालेल? आणि खातो काय?

धारणीचा पायदळ

चालेल. दाट झाडीत नको, विरळ सागवानात ठेवा, पानं झडलेल्या उघड्या फांदीवर. बिचकला की शेपटी भराभर हलवतो. सरडे, उंदीर, नाकतोडे खातो. पोरीच्या हातून दाणे खाल्ले असं मात्र लिहू नका, आमच्याकडची पोट्टीसुद्धा ओळखतील.